पाटी नसलेला धंदा मोजायचा कसा

सर्वेक्षण म्हटलं की सगळ्यांचं लक्ष प्रश्नावलीकडे जातं. प्रश्न कसे लिहायचे, टॅबवर ते कसे बसवायचे, यात आठवडे जातात. नोंदणी नसलेल्या धंद्यांचं सर्वेक्षण मात्र त्याच्या आधीच, यादी करताना जमतं किंवा बिघडतं. जो गाळा यादीत आलाच नाही, त्याच्या मालकाला नंतर प्रश्न कोण विचारणार? म्हणून आज बराच वेळ यादीवर बोलतो.

आधी नोंदणीचा घोळ मिटवू. ‘तुमचा धंदा नोंदलेला आहे का?’ हा प्रश्न मुंबईत निरुपयोगी आहे. ज्याच्याकडे गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, आहे तो ‘हो’ म्हणतो. ज्याच्याकडे पालिकेची एखादी जुनी पावती आहे, तोही ‘हो’ म्हणतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त सूचना देण्याची सवलत दिली. मालाच्या धंद्याला ४० लाख आणि सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. छोट्या-मध्यम उद्योगांसाठीची केंद्राची उद्यम नोंदणी २०२० पासून आली, ती ऐच्छिक. म्हणजे एकही कायदा न मोडता एखादा धंदा कुठेच नोंदलेला नसू शकतो. तेव्हा प्रत्येक नोंदणी नाव घेऊन वेगळी विचारा, आणि ‘अनोंदणीकृत’ कोणाला म्हणायचं ते कार्यालयात बसून उत्तरांवरून ठरवा. ते ठरवणं दुकानदाराचं काम नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय तर हा वाद बाजूलाच ठेवतं आणि कंपनी म्हणून स्थापन न झालेले बिगरशेती उद्योग मोजतं. २०२३-२४ च्या त्यांच्या वार्षिक सर्वेक्षणात असे ७.३४ कोटी उद्योग आणि त्यांत १२.०६ कोटी माणसं काम करताना आढळली.

आता यादी. ब्लॉकच्या, म्हणजे तुम्हाला वाटून दिलेल्या वस्तीच्या तुकड्याच्या, एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, उजवा हात भिंतीच्या बाजूला ठेवून चालायचं, गल्ली संपली की वळून परत यायचं. हे झालं जमिनीवरचं. मुंबईचा धंदा मात्र उभा वाढतो. खाली राहतं घर, पोटमाळ्यावर चार शिलाई मशीन, आणि वर जायला बाहेरून लोखंडी शिडी. यादी करणारा दारावरून ‘घर’ लिहून पुढे गेला की कारखाना गेला. म्हणून प्रत्येक दाराशी एक ठरलेला प्रश्न हवा: ‘वर काय आहे, आणि वरचा रस्ता कुठून?’ खुणा शिकून घ्या. दाराशी चिंध्यांचं बोचकं, चामड्याची कात्रणं, एका खोलीला दोन वीजमीटर, दिवसाही चालू असलेला एक्झॉस्ट पंखा, उंबऱ्याबाहेर खोलीत मावणार नाहीत इतक्या चपला. आणि गल्लीतल्या चहावाल्याला विसरू नका. दुपारी चारला कोणत्या गाळ्यात किती कटिंग जातात, हे त्याला तोंडपाठ असतं. मालकाने ‘तीन कारागीर’ सांगितले आणि वर आठ ग्लास गेले, तर प्रश्न पुन्हा विचारायला हवा.

दारावर खडूने नंबर टाकायची जुनी सवय सोडा. २०२४ मध्ये धारावीत पुनर्विकासाचं सर्वेक्षण सुरू झालं आणि घराघरांवर क्रमांक पडले. तेव्हापासून दारावरचा आकडा म्हणजे पुनर्विकासात पात्र की अपात्र, असाच अर्थ लागतो. खोली राहती सांगावी की धंद्याची, याचा हिशोब मग लोक त्याप्रमाणे करतात. क्रमांक तुमच्या कच्च्या नकाशावर असू द्या.

फेरीवाल्यांचं गणित वेगळं. पक्की जागा नसलेला धंदा मालकाच्या घरी मोजायचा की विकण्याच्या जागी, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. घरी मोजलात तर दादरच्या फुटपाथवरचा विक्रेता विरारच्या किंवा कळव्याच्या आकड्यात जातो आणि दादर रिकामं दिसतं. जागेवर मोजलात तर वेळेचा प्रश्न येतो. त्याच चार फुटांत सकाळी पोहे-उपमा, दुपारी फळं, संध्याकाळी चायनीज. एका फेरीत तुम्हाला एकच धंदा दिसेल. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन फेऱ्या त्याच तुकड्यावर करा आणि जागेऐवजी ‘जागा अधिक वेळ’ हे एकक धरा. दोन्ही पद्धती एकत्र केल्या की तोच माणूस दोनदा मोजला जातो, आणि ही चूक नंतर कुठल्याही संगणकाला सापडत नाही.

बंद गाळा दिसला की शेजारचा उघडा गाळा घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. बंद असलेला गाळा बहुतेकदा वेगळ्या वेळेचा असतो, रात्रपाळीचा किंवा हंगामी. त्याच्या जागी उघडा घेतलात की नमुन्यात फक्त दिवसा चालणारे धंदे उरतात. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, मग ‘भेट झाली नाही’ असं लिहा. कॅलेंडरही बघा. मे महिन्यात कारागीर गावाला जातात, गणपतीच्या आधी लालबाग-परळचे मूर्तीचे कारखाने भरलेले असतात आणि नंतर रिकामे. शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी, कुर्ला-गोवंडीत मुलाखती ठेवू नका.

कोण काम करतं, या प्रश्नावर बायका गायब होतात. ‘तुमच्याबरोबर आणखी कोण काम करतं?’ असं वडापाववाल्याला विचारलं तर उत्तर येतं, ‘कोणी नाही, मी एकटाच.’ त्याऐवजी काम विचारा. बटाटे कोण सोलतं? चटणी कोण वाटते? भांडी कोण घासतं? पाच मिनिटांत बायको, मेहुणी आणि शाळेतून आलेला मुलगा पुढे येतात. घरी बसून मणी ओवणाऱ्या किंवा गजरे करणाऱ्या बाईबद्दल उलटा प्रश्न असतो: ती उद्योजक की मजूर? कच्चा माल कोणाचा, भाव कोण ठरवतं आणि माल परत आला तर तोटा कोणाचा, हे तीन प्रश्न पुरतात. तिन्हींचं उत्तर ‘शेठ’ असेल तर तिला स्वतंत्र धंद्यात धरू नका.

पैशाचं विचारताना विक्रीपासून सुरू केलंत तर आकडा निम्मा येईल. खरेदीपासून सुरू करा, कारण खरेदी सांगताना माणूस कुरकुर करतो आणि कुरकुरीत खरे आकडे येतात. समजा पाव रोज २५ डझन येतात. म्हणजे ३०० वडापाव, १५ रुपयांनी ४,५०० रुपये. एका वड्याला ५० ग्रॅम बटाटा धरला तर १५ किलो बटाटा लागला पाहिजे. तो ‘आठ किलो’ म्हणाला तर एक तर समोसापाव-भजीपावही विकतो, किंवा पाव उरतात. विचारा. तेल, बेसन, गॅस, गाडीचं भाडं वजा केलं की मूल्यवर्धन, म्हणजे धंद्याने स्वतः घातलेली भर, हाती येतं. एकक मात्र त्याच्या धंद्याचं हवं: इमिटेशनच्या दागिन्यांना ग्रोस (बारा डझन), भंगाराला किलो, शिलाईला पीस. मुदत गेल्या महिन्याची ठेवा. वर्षाचं उत्तर म्हणजे महिन्याला बाराने गुणलेलं, आणि त्यात पावसाळा नसतो.

हप्त्याबद्दल थेट विचारलंत की मुलाखत तिथेच संपते. ‘जागेपोटी आणखी काही खर्च होतो का?’ एवढंच विचारा आणि दिलेला आकडा कोणाला जातो हे लिहू नका. भीती समजण्यासारखी आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, म्हणजे पालिकेची गाडी मागून येतेय. उलट टोकही असतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षणाचा संबंध विक्री प्रमाणपत्राशी आहे, त्यामुळे अशा मोजणीत कधी एका गाडीमागे तीन दावेदार उभे राहतात. कोण मोजतंय आणि कशासाठी, यावर आकडा फुगतो किंवा आटतो. म्हणून तुमचा हेतू पहिल्या वाक्यात सांगा, लायसन्स मिळणार नाही आणि कारवाईही होणार नाही हे दोन्ही सांगा, आणि जीपीएसचा नेमका बिंदू बाहेर देऊ नका. अहवालाच्या नकाशावर २०० मीटरचा चौकोन पुरतो. नाव आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फेरतपासणी झाली की ती फाइल पुसा. फेरतपासणी दहापैकी एका मुलाखतीची, दुसऱ्या माणसाकडून, आणि फक्त तीन गोष्टींची: धंदा कोणता, माणसं किती, पोटमाळा पाहिला का.