सही कुणाची?

[दृश्य: टेबलावर प्रवेश अर्ज. पेन एकेका रकान्यावरून खाली सरकतं.]

नाव लिहून झालं. जन्मतारीख झाली. शाळा सोडल्याचा दाखला? तो घरीच राहिला. जीव मुठीत धरून बाहेर पडताना कागद कोण गोळा करत बसतं? आणि सगळ्यात खाली रकाना आहे, ‘पालकाची सही’. जिला घरातल्याच माणसापासून पळावं लागलं, तिने ही सही कुणाची आणायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी कधी असलेल्या १५ ते १९ वयाच्या दर चार मुलींपैकी जवळपास एकीने त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. हे वय शाळा-कॉलेजचं.

[दृश्य: दवाखान्यातलं घड्याळ.]

सुरुवातीची घाई वेगळी असते. बलात्कारानंतर एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांच्या आत. जितकी लवकर, तितकी बरी. पण हा वेळ ‘सांगू की नको’ यातच निघून जातो. म्हणून ती पहिल्यांदा ज्याच्यापाशी तोंड उघडते, त्याने कसं वागावं, हेही या संघटनेने सांगून ठेवलंय. आधी ऐकून घ्या. तिला आत्ता काय हवंय ते विचारा. तिचं खरं माना. ती सुरक्षित आहे का पाहा, पुढच्या मदतीपर्यंत पोहोचवा. खोदून खोदून विचारू नका, तपास हे तुमचं काम नाही. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे तर नकोच.

[दृश्य: नकाशा. काँगो, बुकावू.]

पूर्व काँगोतल्या बुकावूमध्ये डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये पांझी रुग्णालय उभारलं. बलात्कारात जखमी झालेल्या बायकांवर तिथे शस्त्रक्रिया होतात. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना, आयसिसच्या कैदेतून सुटलेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्यासोबत मिळालं. नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही, हे पांझीत लवकर उमगलं. म्हणून उपचारांच्या जोडीला समुपदेशन, वकील आणि पोटापाण्याची सोय आली. याच शहरात २०११ मध्ये ‘सिटी ऑफ जॉय’ हे अत्याचार सोसलेल्या तरुणींसाठीचं केंद्र सुरू झालं. १८ ते ३० वयाच्या तरुणी इथे सहा महिने राहतात, लिहायला-वाचायला शिकतात, आपले हक्क समजून घेतात.

शिवणयंत्र हाती दिलं की पुनर्वसन झालं, असं मानणारे अजून भेटतात. शिवणकाम वाईट नाही. पण तिला भौतिकशास्त्र शिकायचंय का, हे कुणी विचारलं?

[दृश्य: वर्ग. शेवटचा बाक.]

वर्गात परतणंही सोपं नसतं. दार आपटलं तरी ती दचकते. रात्रभर झोप नसते, मग धडा डोक्यात शिरत नाही. शिक्षकांना ती आळशी वाटते.

शाळेला करता येण्याजोगं बरंच आहे. दाखला मिळेपर्यंत तात्पुरता प्रवेश द्यावा. पालकाच्या जागी आधारगृहाच्या अधीक्षकांची सही चालवून घ्यावी. तिचा नवा पत्ता हजेरीपटात, निकालाच्या यादीत, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठेही दिसू नये, कारण शोधणारा तिथूनच शोधतो. तिची हकीकत एकाच शिक्षिकेला ठाऊक असावी, सगळ्या स्टाफरूमला नव्हे. आणि पेपर चुकला तर तो पुन्हा देता यावा. कोर्टाची तारीख काही परीक्षेचं वेळापत्रक बघून पडत नाही.