घाट उतरताना न्यूट्रल नको

नमस्कार श्रोतेहो. गणपती तोंडावर आलेत. कोणी ताम्हिणीने, कोणी आंबा घाटाने, आमची कराडची मंडळी कुंभार्लीने कोकणात उतरतील. आज माझं एकच सांगणं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा.

हे का सांगतोय, ते ऐका. तेव्हा माझी जीप होती. गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही सातजण, टपावर मखर, पायाशी कांदे-बटाट्यांची पोती. गाडी पुतण्या चालवत होता. हेळवाक सोडलं आणि माझा डोळा लागला. जाग आली, कारण इंजिनचा आवाजच येईना. नुसता टायरचा सळसळाट आणि नाकात जळका वास.

"अरे, गिअर कुठाय?"

"न्यूट्रलला आहे काका. तेवढंच डिझेल वाचतंय."

पुढच्या वळणाला त्याने ब्रेक दाबला, तर पॅडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. पोरगा पांढराफटक. मी म्हटलं, इंजिन बंद करू नकोस, पॅडल पंप करत राहा, तिसरा टाक. तिसरा पडला, मग दुसरा. इंजिन असं किंचाळलं की मागे वहिनींनी देवाचं नाव घेतलं. मी हँडब्रेक थोडा थोडा ओढत होतो. गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि एका मक्याच्या कणसांच्या टपरीपाशी कशीबशी थांबवली.

पुतण्या बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला धावला. मी हात धरला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तडा जातो. बोटाने एकच थेंब उडवला, चर्र! पाऊण तास थांबलो. निघताना ड्रायव्हरच्या सीटखाली बघतो तर पोत्यातून निसटलेला एक बटाटा ब्रेकपासून वीतभर अंतरावर. तो बटाटा मला अजून स्वप्नात दिसतो.

झालं काय होतं? सतत दाबून लायनर तापले, ब्रेक ऑइल उकळलं, त्यात वाफ धरली आणि वाफ दाबली की दबते, जोर चाकापर्यंत पोचत नाही. गिअरमध्ये असलं की इंजिनच गाडी ओढून धरतं. म्हणून पुन्हा सांगतो, न्यूट्रल नको. आणि इंजिन तर बंद करूच नका, ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर किंवा 'एल' असतो, तो वापरा.

रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियमच आहे, उपकार नाही. धुक्यात लाइट डिपरवर ठेवा, अप्परने समोर पांढरी भिंत उभी राहते.

आणि ती माकडं! वळणावर गाडी लावून त्यांना वेफर्स घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घाटात उंबर आहेत, जांभळं आहेत, त्यांचं त्यांना मिळतं. वेफर्सच्या आशेने ती रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात.

असो. निघण्याआधी ब्रेक ऑइल बघून घ्या. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, वेग धरल्यावर नव्हे. आणि पोत्यांची तोंडं सुतळीने शिवून घ्या, नुसती गाठ मारून भागत नाही.