बाराची गाडी

[काळा पडदा. घड्याळाची टिकटिक. मग पांढरंफटक आभाळ आणि त्याखाली नाकासमोर गेलेले रूळ.]

रविवारची सकाळ. साडेदहा वाजून गेलेत. हॅडलीव्हिल नावाच्या लहानशा गावातून तीन घोडेस्वार जातात. त्यांना बघून एक बाई छातीवर क्रूस काढते. तिघं तडक स्टेशनावर जातात आणि मास्तरला एवढंच विचारतात, बाराची गाडी वेळेवर आहे ना?

आहे.

1952 सालचा 'हाय नून'. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. वेस्टर्न म्हटलं की घोडे, धुरळा आणि ढिश्क्यांव असं डोक्यात धरून बसणाऱ्याची इथे पंचाईत होते, कारण पुढचा तासभर कोणीही बंदूक झाडत नाही. सगळे घड्याळ बघतात. सिनेमा 85 मिनिटांचा आणि पडद्यावरची गोष्टही साधारण तेवढ्याच वेळात घडते. तुमच्या मनगटावरचं घड्याळ आणि गावातली घड्याळं जवळपास बरोबरीने चालतात.

गोष्ट दोन वाक्यांची. मार्शल विल केन लग्न करून, छातीवरचा बिल्ला उतरवून गाव सोडायला निघालाय, तेवढ्यात बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. स्टेशनावरचे ते तिघं त्याचेच साथीदार. केन अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

[गावाचा मुख्य रस्ता, रिकामा. कॅमेरा दारांवरून सरकतो.]

मग तो दारोदार माणसं मागत हिंडतो. सिनेमाचा जीव या फेरीत आहे. पहिला भेटतो न्यायाधीश. ज्याने मिलरला शिक्षा सुनावली, तोच. तो काय करत असतो? सामान बांधत. भिंतीवरचा झेंडा उतरवतो, घडी घालतो. न्यायाचा तराजू उचलतो. बोलता बोलता अथेन्सच्या इतिहासातला दाखला देतो आणि खोगिराच्या पिशव्या भरतो. कायदा गाव सोडून कसा जातो, ते इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी तरी पाहिलेलं नाही.

हॉटेलचा कारकून तर तोंडावर सांगतो की मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा. मित्र घरात असून बायकोला सांगतो, मी नाही म्हण. आणि चर्चमध्ये, भर प्रार्थनेत, केन मदत मागतो तेव्हा गावचा प्रतिष्ठित माणूस हेंडरसन उठून भाषण करतो. भाषण केनच्या कौतुकाने सुरू होतं. मग सूर बदलतो. उत्तरेकडचे लोक आपल्या गावात पैसा घालायचा विचार करतायत. दुकानं येतील, कारखाने येतील. रस्त्यात मुडदे पडल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली तर? तेव्हा विल, तू गेलेलाच बरा.

हेंडरसनला काही लोक भेकड म्हणतात. मला तो हिशेबी वाटतो. मिलर ज्या गाडीतून येतोय, त्याच रुळांवरून गावाचं भांडवल येणार आहे, हे त्या चर्चमध्ये फक्त त्याला उमगलेलं आहे.

[जुने फोटो: गुरांचे कळप, रेल्वेचे डबे, लाकडी कुंपणं.]

आता थोडा इतिहास, कारण त्यावाचून वेस्टर्न नीट उघडत नाही. गुराखी, म्हणजे काउबॉय, घोड्यावर बसून नेमका कुठे चाललेला असतो? रेल्वे स्टेशनावर! अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं. टेक्सासात गुरं उदंड आणि भाव मातीमोल. उत्तरेच्या शहरांत मांसाला दामदुप्पट नव्हे, त्याच्या कितीतरी पट किंमत. मधे शेकडो मैलांचं माळरान. 1867 पासून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन गावी गुरं हाकत न्यायची आणि तिथे मालगाडीत चढवायची, असा धंदा सुरू झाला. 10 मे 1869 ला युटामध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि मोकळ्या माळाला कुंपणं पडू लागली. रूळ जसे टेक्सासात पोचले, तशी गुरं हाकत न्यायची गरज उरली नाही. 1886-87 च्या हिवाळ्यात बर्फाने गुरांचे कळपच्या कळप मेले.

म्हणजे गुरं हाकायचा तो जमाना जेमतेम वीस वर्षांचा. गाडीनेच तो आणला आणि गाडीनेच मोडीत काढला. म्हणून चांगल्या वेस्टर्नमध्ये गाडी आली की मी सावरून बसतो. बंदुकीने एक माणूस मरतो, गाडीने अख्ख्या गावाचं काय व्हायचं ते ठरतं.

सिनेमालाही हे फार लवकर कळलं. 1903 मध्ये एडविन पोर्टरने 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' केला तो रेल्वेच्या दरोड्यावरच, आणि तोही पश्चिमेत नाही, न्यू जर्सीत!

[पुन्हा रूळ. क्षितिजावर धुराचा ठिपका.]

'हाय नून'कडे परत येऊ. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉसबी. त्या काळी वेस्टर्नमधलं आभाळ म्हणजे फिल्टर लावून गडद केलेलं, ढगांची नक्षी असलेलं. क्रॉसबी आणि झिनेमन यांनी ते नाकारलं. यादवी युद्धातले मॅथ्यू ब्रॅडीचे फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर होते. फिल्टर नाही, चेहऱ्यावर मऊ उजेड नाही. आभाळ भाजलेल्या चुन्यासारखं पांढरं. पन्नाशीच्या गॅरी कूपरच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते. त्याला त्या वेळी अल्सरचा आणि पाठदुखीचा त्रास होता. त्याची नवरी झालेली ग्रेस केली ऐन विशीतली, तिचा हा दुसराच सिनेमा.

गाडी लांबून येते तो शॉट घेताना क्रॉसबी आणि झिनेमन कॅमेरा घेऊन रुळांवरच होते. इंजिनातून आधी पांढरा, मग काळा धूर निघाला. दोघं खूश, काय सुंदर दिसतंय! काळा धूर म्हणजे ब्रेक लागत नसल्याचा इशारा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटच्या क्षणी ते बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चुराडा झाला. फिल्म तेवढी वाचली आणि तो शॉट सिनेमात आहे. ही हकिकत झिनेमनने स्वतः सांगितलेली.

बाराला दोन मिनिटं कमी. केन टेबलाशी बसून मृत्युपत्र लिहितोय. इथून पुढे बोलणं बंद. लंबक. चर्चमधले लोक. गुत्त्यातले लोक. स्टेशनावरचे तिघं. रिकामी खुर्ची. रूळ. पुन्हा लंबक. प्रत्येक तुकडा दिमित्री तिओमकिनच्या संगीताच्या ठोक्यावर कापलेला, आणि चेहरे दर खेपेला जास्त जवळ येत जातात. मग इंजिनाची शिट्टी होते.

[शिट्टी. दोन सेकंद शांतता.]

त्यानंतर केन रस्त्यावर एकटा. कॅमेरा क्रेनवरून वर वर जातो. छपरं दिसतात, रस्ते दिसतात, माणूस एकही नाही. मघाचे सगळे या छपरांखाली आहेत.

हा प्रसंग लिहिणाऱ्या कार्ल फोरमनवर तेव्हा तेच गुदरत होतं. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर 1951 मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीने त्याला साक्षीला उभं केलं. त्याने इतरांची नावं सांगितली नाहीत. त्याचं नाव काळ्या यादीत गेलं, ओळखीचे लोक ओळख दाखवेनासे झाले, आणि तो इंग्लंडला निघून गेला. वेस्टर्नचा बडा नट जॉन वेन याला हा सिनेमा अमेरिकेच्या विरोधातला वाटायचा आणि फोरमनला देशाबाहेर घालवण्यात हातभार लावल्याचं आपल्याला वाईट वाटत नाही, असं तो पुढे उघड म्हणाला. गंमत अशी की 1953 मध्ये कूपरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो हजर नव्हता. त्याच्या वतीने बाहुली घ्यायला मंचावर गेला जॉन वेनच.

आणखी पुढची गंमत पोलंडची. 4 जून 1989 च्या निवडणुकीसाठी टोमाश सारनेत्स्की नावाच्या तरुणाने 'सॉलिडॅरिटी' संघटनेचं पोस्टर केलं. त्यावर गॅरी कूपर चालत येतोय. हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, छातीवर 'सॉलिडॅरिटी'चा बिल्ला. ज्या सिनेमावर कम्युनिस्ट धार्जिणेपणाचा संशय घेतला, तोच कम्युनिस्ट सत्ता उलथवायला कामी आला.

[टीव्हीचा जुना लाकडी खोका. त्यावर डॉज सिटीची पाटी.]

टीव्हीवरचा वेस्टर्न वेगळ्या घडणीचा. तिथे गाव टिकावंच लागतं, कारण पुढच्या आठवड्यातही भाग आहे. 'गनस्मोक' आधी रेडिओवर आलं, 1952 मध्येच, आणि सप्टेंबर 1955 पासून टीव्हीवर. वीस वर्षं, 635 भाग. गाव डॉज सिटी, कॅन्सस. 1872 मध्ये रेल्वे पोचली म्हणून नावारूपाला आलेलं. पहिल्या भागाची ओळख करून द्यायला, पुन्हा एकदा, जॉन वेन.

त्या पहिल्याच भागात नायक हरतो. मार्शल मॅट डिलन एका पिस्तुलबाजासमोर उभा राहतो आणि गोळी खाऊन पडतो. बरा होताना विचार करतो, हा मला भारी का पडला? उत्तर असं, की तो हात विजेसारखा चालवतो, पण नेम कच्चा, म्हणून नेहमी जवळ येऊन मारतो. दुसऱ्या खेपेस डिलन त्याला जवळ येऊच देत नाही. अर्ध्या तासाचा भाग, कृष्णधवल, सेट तुटपुंजा; पण लिहिणाऱ्याने डोकं चालवलंय.

या सगळ्यात जे दिसत नाहीत त्यांचंही बोललं पाहिजे. पश्चिमेकडून रूळ टाकणाऱ्यांत दहा हजारांहून जास्त चिनी मजूर होते. रूळ जोडल्याच्या त्या प्रसिद्ध फोटोत ते नाहीत आणि पुढच्या बहुतेक सिनेमांतही नाहीत. जॉन फोर्डने 1939 मध्ये 'स्टेजकोच' नावाहो या मूळ रहिवाशांच्या भूमीत, मॉन्युमेंट व्हॅलीत चित्रित केला, आणि नावाहोंना काम दिलं ते अपाची या दुसऱ्याच जमातीचे म्हणून. 'हाय नून'मध्ये निदान हेलन रामिरेझ आहे. मेक्सिकन बाई, गावातल्या गुत्त्याची आणि दुकानाची मालकीण, केनची एके काळची. केटी हुरादोने ती उभी केलीय. केन भेटायला येतो तेव्हा ती स्पॅनिशमध्ये म्हणते, वर्ष झालं तुला बघून. तो स्पॅनिशमध्येच म्हणतो, माहीत आहे. त्या एवढ्या बोलण्यात सगळं जुनं उघडं होतं. गावात सगळ्यांत शहाणी तीच: दुकान विकते, पैसे घेते आणि त्याच गाडीने निघून जाते.

[ओसाड फलाट. पवनचक्कीची करकर.]

1968. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. पुन्हा तीन माणसं, पुन्हा स्टेशन, पुन्हा गाडीची वाट, फक्त स्टेशन स्पेनमध्ये बांधलेलं. सुरुवातीची कितीतरी मिनिटं काहीच होत नाही. एकाच्या टोपीवर पाण्याचे थेंब पडतायत, दुसरा बोटं मोडतोय, तिसरा पिस्तुलाच्या नळीत माशी पकडून तिची भुणभुण ऐकतोय. गाडी येते, जाते, आणि पलीकडे माउथ ऑर्गन वाजवणारा माणूस उभा दिसतो. 'हाय नून'मध्ये माउथ ऑर्गन खलनायकाच्या साथीदाराकडे होता, ली व्हॅन क्लीफकडे. लिओनेने तो नायकाला दिला. ज्या जमिनीसाठी पुढे खून पडतात, तिथे पाणी आहे आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. दिग्दर्शक रोमचा, पण मर्म त्याने बरोबर धरलं.

तिथून धागा आपल्या दारात येतो. लिओनेच्या सिनेमात अंगणात एक कुटुंब मारलं जातं. त्याची सावली 1975 च्या 'शोले'त ठाकूरच्या घरावर पडलेली दिसते. 'शोले'चे दगडी डोंगर कर्नाटकातल्या रामनगरचे, मात्र मालगाडीवरचा तो लांबलचक हल्ला चित्रित झाला पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर.

बघायचं ठरवलंत तर आधी 'हाय नून', मग लिओने. उलट केलंत तर लिओनेची निम्मी मजा जाईल. 'हाय नून' एका बैठकीत बघा. मधेच चहाला उठलात तर घड्याळाचा सगळा खेळ मोडला.

आणि 'रिओ ब्राव्हो'ही बघा, 1959 चा. जॉन वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी तो 'हाय नून'ला उत्तर म्हणून केला, की खरा शेरीफ दारोदार मदत मागत हिंडत नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. सिनेमा मात्र झकास आहे. पहिल्या प्रसंगात एक दारुडा गुत्त्यात उभा असतो, कोणीतरी त्याला खिजवायला पिकदाणीत नाणं टाकतं आणि तो ते काढायला वाकतो. सुरुवातीची काही मिनिटं कोणी चकार शब्द काढत नाही.