शेवटचं लेक्चर संपल्यावर काय होतं?

श्रोतेहो नमस्कार,

परवा रात्री भाचीचा फोन आला. म्हणाली मामा, मी शीट केलीय. म्हटलं कसली शीट? तर कॉलेजची. दोन कॉलेजं, सात कॉलम, फॅकल्टी, प्लेसमेंट, लायब्ररी, हॉस्टेल, फेस्ट, क्राउड आणि कॅम्पस, प्रत्येकाला दहापैकी मार्क, आणि एवढा सगळा खटाटोप करून बेरीज मारली तर दोन्ही कॉलेजांना अठ्ठेचाळीस! आता काय करू म्हणे. मी म्हटलं अगं आधी ती शीट बंद कर आणि झोप. पण फोन ठेवल्यावर मलाच झोप येईना, आणि तेच आज तुमच्यासमोर बोलतोय.

गडबड त्या कॉलमांमध्येच आहे. आपण अभ्यास एकीकडे ठेवतो, मित्रमंडळी दुसरीकडे, कॉलेजचं वातावरण तिसरीकडे, जसे काही तीन वेगळे डबे. प्रत्यक्षात हे तिन्ही एकमेकांत सांडतात. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना खोल्या जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जायच्या, कोणाला कोण रूममेट मिळेल ते नशिबावर. ब्रूस सॅसरडोट नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं त्याचाच फायदा घेऊन २००१ मध्ये अभ्यास छापला, की रूममेटचा परिणाम मुलाच्या मार्कांवरही दिसतो आणि तो तिथल्या सोशल क्लबांमध्ये जातो की नाही यावरही. गंमत म्हणजे विषय कुठला निवडायचा यावर मात्र दिसला नाही. आपल्याकडे हे कधीचंच सांगून ठेवलंय, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तर आता मला सांगा, रूममेट हा अभ्यासाच्या कॉलममध्ये टाकायचा का सोशल लाइफच्या?

माझं स्वतःचं सांगतो. मी कॉलेज निवडलं ते निव्वळ नावावर. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, अगदी तसं नव्हतं हां, शिकवणारे खरंच चांगले होते, पण पाचला शेवटचं लेक्चर संपलं की सव्वापाचला शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत यायचा, लॅब बंद, लायब्ररी बंद, सर बस पकडायला पळालेले, मुलं चार दिशांना. एकदा मी व्हरांड्यात बसून गणितं सोडवत होतो तर त्यानं माझ्या डोक्यावरचा दिवा बंद केला आणि वर विचारलं, घर नाही का रे तुला? पहिलं वर्षभर मला धड एक मित्र झाला नाही आणि मला वाटायचं आपणच माणूसघाणे.

तसं नव्हतं हे खूप नंतर कळलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या वेस्टगेट नावाच्या वसाहतीत, म्हणजे तिथं लग्न झालेले विद्यार्थी राहायचे, लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोणाची मैत्री कोणाशी होते ते मोजलं होतं, १९५० मध्ये ते छापून आलं. शेजारच्याच दारातल्या माणसाशी घट्ट मैत्री झाल्याचं प्रमाण होतं ४१ टक्के, एक दार सोडून पलीकडचा असेल तर २२, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १०. एकाच मजल्यावर हां! आणि जिन्यापाशी, टपालपेट्यांपाशी ज्यांची घरं त्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही जास्त. म्हणजे स्वभाव वगैरे ठीक आहे, पण येता-जाता माणसं एकमेकांना धडकली पाहिजेत. जिथं पाचनंतर धडकायला जागाच नाही तिथं फेस्ट कितीही जोरात होऊ दे, तो तीन दिवसांचा, बाकीचे दिवस काय करणार?

आता नावाचं बघू, कारण आई-बाबांचा जीव तिथं अडकलेला असतो. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली. त्यांनी तुलना कशी केली ते भारी आहे, ज्यांना मोठ्या नावाच्या कॉलेजात सीट मिळाली होती पण जे दुसरीकडे गेले, ते विरुद्ध जे तिथंच गेले. सरासरी कमाईत फारसा फरक निघाला नाही. पोरगं मुळात चुणचुणीत असलं तर ते कुठेही कमावतं, एवढंच. पण थांबा, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र फायदा झालेला दिसला, म्हणून नाव म्हणजे नुसती हवा असं मी बिलकुल म्हणणार नाही. ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत त्याला कॉलेजच्या नावानं दारं उघडतात, त्यानं ते नाव जास्त मोलाचं धरावं. हे अमेरिकेतलं आहे हेही लक्षात ठेवा.

नावाची एक उलटी बाजूपण आहे. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात शाळकरी मुलांवर दाखवलं की तेवढ्याच कुवतीचं मूल जास्त हुशारांच्या वर्गात बसवलं की स्वतःला कमी लेखायला लागतं. कॉलेजात हे होताना मी डोळ्यांनी पाहिलंय, जन्मभर पहिला आलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला विसावा आला आणि गप्पच झाला. अशा वेळी तिथलं वातावरण कामाला येतं, नापास झालो असं तिथं चारचौघांत बोलता येतं का? का लपवावं लागतं? हे ब्रोशरमध्ये नसतं बरं का.

आणि शिक्षक. लोकांची मतं अजमावणारी गॅलप ही अमेरिकन कंपनी आणि तिथलंच पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ मध्ये तीस हजारांहून जास्त पदवीधरांना विचारलं, तर सरकारी का खासगी, नावाजलेलं का साधं, यानं पुढं कामात मन रमण्यावर जवळपास फरकच पडला नव्हता. फरक कशानं पडला, तर शिकण्याची गोडी लावणारा एक तरी प्राध्यापक मिळाला, शिक्षकांना आपली माणूस म्हणून काळजी होती, आणि आपल्या स्वप्नांच्या मागे उभं राहणारं कोणीतरी होतं, या तीन गोष्टींनी. तिन्ही लाभलेले शंभरात चौदाच!

म्हणून मी भाचीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, ओपन डेला जाऊ नकोस, त्या दिवशी सगळे नटूनथटून असतात, दुरून डोंगर साजरे. साध्या बुधवारी जा आणि शेवटच्या लेक्चरनंतर दोन तास तिथंच रेंगाळ. दुसऱ्या वर्षाचं कोणीतरी गाठ, पहिल्यावाले अजून भांबावलेले असतात आणि शेवटच्या वर्षाला सगळं गोडच आठवतं. टीचिंग कसंय असं विचारलंस तर चांगलंय म्हणतील, त्यापेक्षा विचार, सरांच्या केबिनमध्ये शेवटचा कधी गेलेलास आणि कशाला? रात्री नऊला लायब्ररीतून मुली एकट्या परत येतात का तेही बघ. फीचं, कोर्सचं तुला कळतंच, ते आधी जुळलं नाही तर जायचीपण गरज नाही.

ती गेली. एका कॉलेजात नाटकाच्या ऑडिशनचं पोस्टर होतं, देखणं, तारीख गेल्या वर्षीची. दुसऱ्या कॉलेजचं हॉस्टेल लांब आहे म्हणून बराच वेळ कुरकुरली, आणि मग म्हणाली, साडेसहाला एका रिकाम्या वर्गात दोन मुली फळ्यावर एका गणितावरून भांडत होत्या, मॅडम घरी निघालेल्या त्या दारातून डोकावल्या, आणि वीस मिनिटं तिथंच उभ्या, मामा, पर्स खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

मग जरा थांबून विचारते, हे कुठल्या कॉलममध्ये टाकू?