तिवांची वंशावळ आणि साहेबाचं दप्तर

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'नायजेरियातल्या स्थलांतरकथा'. तिकडे जाणारच आहे. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. तोंडी इतिहास म्हटलं की आपली शिकलेली मंडळी हसतात. कागद दाखवा म्हणतात. तर कागदाचीच गोष्ट सांगतो.

बेन्वे नदीच्या खोऱ्यात तिव राहतात. याम पिकवतात, याम म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद. अख्खी जमात स्वतःला तिव नावाच्या एकाच पुरुषाची लेकरं मानते. त्याचे दोन मुलगे, इचोंगो आणि इपुसु, आणि तिथून खाली १४ ते १७ पिढ्या. इथे खापरपणजोबांचं नाव कितीजणांना येतं? हात वर करा. बरं, राहू द्या. तिवांना ही नावं रोज लागतात. कुणी कुठे कसायचं, मारामारीत कुणाच्या बाजूने उभं राहायचं, सगळं त्यावर ठरतं. शेत वाढवायचं तर सख्ख्या भावाकडे नाही, लांबच्या भाऊबंदाच्या अंगाला सरकायचं.

कोर्टात जो तो वंशावळच सांगतोय म्हटल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या लिहून दप्तरात ठेवल्या. सुमारे ४० वर्षांनी लॉरा आणि पॉल बोहानन हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं तिथे गेलं, तेव्हा साहेब तेच कागद पुढे करत होता आणि तिव म्हणत होते, हे चूक आहे. साहेबाला पटेना. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आपल्या आधीच्या साहेबापेक्षा जास्त कसं ठाऊक? मधल्या काळात काही घराणी वाढली होती, काही आटून शेजारच्यांत मिसळली होती. जे शेजारी झाले ते भाऊ झाले, आणि पूर्वजही त्याप्रमाणे सरकले. साहेब बिचारा फेरफार न नोंदवलेला सातबारा घेऊन बसलेला! आणि आपण काही बदललंय, हे तिवांच्याही गावी नव्हतं.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? भरभर सांगतो.

तिव म्हणतात, आम्ही आग्नेयेकडून, कॅमेरूनच्या सीमेवरच्या स्वेम डोंगरातून आलो. नदी आडवी आली तेव्हा हिरव्या सापाने पूल होऊन पार नेलं. साप हवा तर सोडून द्या. पण तिव भाषेच्या जवळच्या बहिणी त्याच सीमेलगत बोलल्या जातात. म्हणजे नावं बदलली, दिशा टिकली. दिशेमुळे कुणाचा बांध हलत नव्हता, म्हणून ती बदलायची गरजच पडली नाही. हा माझा मुद्दा.

जिथे थोरपणाच दिशेवर ठरतो, तिथे दिशाही फिरते. नायजेरियाच्या नैऋत्येला योरुबा लोक राहतात, त्यांचा मूळपुरुष ओदुदुवा. इफे या त्यांच्या जुन्या पवित्र शहरात सांगतात, तो साखळीवरून आकाशातून उतरला, बरोबर कोंबडा आणि माती घेऊन. १९२१ साली छापलेल्या, सॅम्युएल जॉन्सन या योरुबा पाद्र्यांच्या इतिहासात त्याचं मूळ मक्केचं. शेजारच्या बेनिनचं (बेनिन देश नव्हे, नायजेरियातलंच जुनं राज्य) राजघराणं म्हणतं, तो आमचाच परागंदा राजपुत्र एकालादेरहान. तिथले तेव्हाचे ओबा, म्हणजे राजे, एरेदियाउवा यांनी २००४ साली हे पुन्हा मांडलं आणि इफेशी वाद पेटला. ओदुदुवाचा वंशज ओरान्मियान इफेहून बेनिनला आला, त्याचा मुलगा एवेका तिथे गादीवर बसला, इतकं दोघांनाही मान्य. भांडण ओदुदुवाचं गाव कुठलं, यावर.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. नायजेरियातलेच इग्बो लोक राहिले, ते चहाच्या वेळी विचारा.