छातीतली जळजळ आणि गोव्याचे ताट

नमस्कार, श्रोतेहो. जेवणानंतर ज्यांच्या छातीत वरचेवर जळजळते आणि घशाशी आंबट येते, त्यांना सगळीकडून पहिला सल्ला मिळतो तो तिखट सोडण्याचा. गोव्यात राहून तो पाळायचा, तर अर्धे जेवणच सोडावे लागेल. माझे मत असे, की मिरचीला आपण जरा अधिकच दोष देतो. ताटातले तेल, पोटात गेलेल्या अन्नाचे प्रमाण आणि जेवणाची वेळ यांची झडती आधी घ्यायला हवी.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली किंवा पोटातला दाब वाढला, की जठरातले आम्ल वर चढते. तेलकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळते आणि झडपही सैल करते. मद्य, कॉफी, चॉकलेट व पुदिना यांचाही अनेकांना असाच त्रास होतो. म्हणूनच वाटीभर हुमणापेक्षा, म्हणजे माशांच्या तिखट आमटीपेक्षा, शेजारचा रव्यात घोळून तळलेला बांगडा आणि आग्रहाखातर पुन्हा घेतलेला भात पुष्कळांना जास्त बाधतो.

घरी हुमण करताना सुक्या मिरच्यांच्या बिया आणि त्यांना धरून असलेला आतला पांढरट भाग काढून मगच नारळाबरोबर वाटावे, कारण तिखटपणा मुख्यतः त्या भागात असतो. काणकोणची खोला मिरची मिळाली तर रंगही छान येतो. सोलं, म्हणजे आमसुले, मूठभर न घालता दोनच घालावीत आणि आंबटपणा उतरताच काढून टाकावीत. तेफळे, म्हणजे तिरफळे, मात्र ठेवावीत, म्हणजे ताटावर बसणाऱ्याला आपण पथ्याचे खातो आहोत असे वाटत नाही. रात्रीसाठी उकड्या तांदळाची पेज आणि आजारातून उठलेल्याला आपल्याकडे देतात ती मुडदुशी मासळी, तीही तव्यावर थोड्या तेलात भाजलेली, एवढे पुरे होते. सोलकढी पाचक म्हणून आपण शेवटी पितो खरे, पण ती आंबटही आहे आणि नारळाच्या रसामुळे स्निग्धही; ज्याला ती सोसत नाही त्याने केवळ रिवाज म्हणून पिऊ नये.

बाहेर जेवायचे असेल तर दुपारची वेळ धरावी. रात्री साडेनऊला ऑर्डर, दहाला ताट आणि अकराला अंथरूण, हा क्रम शागुतीसारख्या मसालेदार रश्श्यापेक्षाही वाईट, कारण जेवण आणि झोप यांत किमान तीन तास हवेत. थाळी मागवतानाच मासळी तळू नका, कमी तेलात भाजून द्या, असे वाढप्याला सांगावे. त्यात संकोच कसला? विंदालूमध्ये व्हिनेगर, मिरची आणि बहुधा चरबीचे डुकराचे मांस एकत्र येते, तेव्हा ते शेजाऱ्याच्या ताटातून चाखण्यापुरतेच बरे. जेवणावर सोडा घेतल्यास ढेकर येऊन बरे वाटते, पण त्याच ढेकरेबरोबर आम्लही वर येते.

झोपताना उशांची चळत लावण्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवावेत आणि डाव्या कुशीवर झोपावे. डॉक्टरांनी आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी गोळी दिली असेल तर ती सहसा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवून उठल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो.

घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले, तर पथ्यावर न विसंबता डॉक्टरांना दाखवावे. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम सुटला, दम लागला किंवा कळ हातात अथवा जबड्यात उतरली, तर ते पित्तच असेल असे मानून लिंबूपाणी पीत बसू नये; ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा.