दुपारी माकडंही आडवी होतात

नमस्कार श्रोतेहो.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला सुट्टीवर जाणारी मंडळी बहुतेक वेळा दिवसाचे दोन तुकडे करतात. सकाळी प्राणी, दुपारी आराम. मग प्राण्यांची यादी उरकायची म्हणून जंगलातून भरभर चालत सुटतात, आणि आराम करायचा म्हणून जंगलाकडे पाठ फिरवतात. मला हे दोन्ही पटत नाही. उष्ण कटिबंधातल्या जंगलात जो निवांत बसतो, त्याच्याच वाट्याला प्राणी येतात. कसं, ते सांगण्यासाठी आज मी तुम्हाला तिथल्या मान्युएल आंतोनियो राष्ट्रीय उद्यानात नेणार आहे.

पॅसिफिक महासागराच्या काठी, केपोस गावाजवळ हे उद्यान आहे. १९७२ साली ते राखीव झालं. देशातल्या सगळ्यांत लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी हे एक, पण जंगल अगदी वाळूपर्यंत उतरलेलं. पुळणीवर बसून मान वर केली की फांदीवर इगुआना, म्हणजे मोठ्या सरड्यासारखा प्राणी दिसतो.

दिवस मात्र लवकर सुरू करावा लागतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर पहाटे साडेपाचच्या आसपास फटफटतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. पहिला प्राणी भेटतो तो अंथरुणातच, कानांनी. हाऊलर माकडांचा कळप उजाडता उजाडता ओरडायला लागतो. नवख्या माणसाला वाटतं, एखादं मोठं हिंस्र जनावर गुरगुरतंय. या माकडांच्या गळ्यातलं हाड फुगीर आणि पोकळ असतं, त्यात आवाज घुमतो आणि कित्येक किलोमीटर जातो. ‘आम्ही इथे आहोत’ एवढं शेजारच्या कळपाला कळलं की मारामारीची वेळ येत नाही. हा सगळा कारभार पडल्या पडल्या ऐकावा. उठायची घाई करू नये.

उद्यानाचं तिकीट आधी काढावं लागतं आणि त्यावर आत जायची वेळ छापलेली असते. शक्य असेल तर सगळ्यांत पहिली वेळ घ्या. आणि परवानाधारक गाईड घ्या, तिथे पैसे वाचवू नका. त्याच्याजवळ तिकाटण्यावर बसवलेली दुर्बीण असते आणि सरावलेली नजर असते. आपण ज्या झाडाखालून तीनदा गेलो असतो, त्याच झाडावर तो बोट दाखवतो.

सेक्रोपियाचं झाड पाहून ठेवा. त्याची पानं मोठी पण विरळ, त्यामुळे वरचं सगळं उघडं दिसतं. तिथे करड्या गाठोड्यासारखं काही लटकलेलं असेल तर तो बहुधा स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारा अतिशय संथ प्राणी. दुर्बिणीतून पाहिलात तर केसांवर हिरवट झाक दिसते. ते शेवाळ असतं, आणि त्याच केसांत एका जातीचे पतंगही राहतात. तीन बोटांचा स्लॉथ दिवसा थोडीफार हालचाल करतो. हात उचलतो, थांबतो, मग नखं केसांत फिरवतो, पुन्हा थांबतो. नुसतं अंग खाजवायला त्याला इतका वेळ लागतो की पाहणाऱ्याचा श्वासही आपोआप संथ होतो. पानांत कस कमी, शिवाय ती पचायला कित्येक दिवस लागतात. म्हणून शक्ती जपत जगणं हा त्याचा धर्मच. साधारण आठवड्यातून एकदा तो जमिनीवर उतरतो, तेही शौचासाठी. लोक त्याला आळशी म्हणतात, याचा मला खरंच राग येतो. इतक्या कमी अन्नावर तगून राहणं ही केवढी मोठी करामत आहे!

मोनो तिती नावाची छोटी, केशरी पाठीची माकडं दिसली तर नशीब. कोस्टा रिकाचा मध्य आणि दक्षिण पॅसिफिक किनारा आणि शेजारच्या पनामाचा थोडा भाग, एवढंच त्यांचं जग. उद्यानाबाहेरच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी दोरांचे पूल बांधलेत, गाड्यांखाली किंवा विजेच्या तारांवर ती मरू नयेत म्हणून. मान वर करून ते पूल जरूर पाहा.

दहा-अकरा वाजले की जंगल गप्प होतं. पक्षी सावलीत शिरतात. पानं खाणारी हाऊलर माकडं फांदीवर पोट टेकून, हातपाय खाली सोडून चक्क पसरतात. दिवसाचा मोठा भाग ती अशीच काढतात. मग आपणच उन्हात वणवण करून काय मिळवायचं? आपणही समुद्रावर जावं. कातेद्राल नावाचं टोक पूर्वी बेट होतं. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूची पट्टी साठत गेली आणि ते जमिनीला जोडलं गेलं. त्याच्या आडोशाच्या किनाऱ्यावर पाणी बरंच शांत असतं. पोहावं, सावलीत पडावं. फक्त झाड बघून पडावं, कारण तिथे मान्सानियो नावाचं झाड आहे. फळ लहान सफरचंदासारखं, पण अत्यंत विषारी. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहू नये.

पडल्या पडल्या पाहण्यासारखं पुष्कळ असतं. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, लाटेला चाटून जाणारे पेलिकन. आणि पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं, जी तुमच्या पिशवीची चेन सहज उघडतात. त्यांना खाऊ घालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माणसाच्या हातचं खाऊन त्यांची तब्येत बिघडते, ती धीट होतात, चावायला लागतात.

मे ते नोव्हेंबर हा पावसाळा. दुपारी सर येऊन गेली तर संध्याकाळी बाहेरच्या एखाद्या राखीव जंगलात गाईडबरोबर रात्रीची फेरी करा. लाल डोळ्यांची झाडबेडकी पाण्यावर झुकलेल्या पानाच्या पाठीवर अंडी घालते. साप त्या अंड्यांवर तुटून पडला, तर आतल्या पिल्लांना त्याचे हादरे ओळखू येतात. ती वेळेआधीच अंडी फोडून खाली पाण्यात उड्या टाकतात! हे वाचून माहीत असलं तरी ते पारदर्शक अंड्यांचं पान समोर पाहणं काही वेगळंच. गाईड सांगेल तेवढाच उजेड टाका, फ्लॅश नको.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ‘स्लॉथ हातात घेऊन फोटो काढा’ असं कुणी म्हणालं, तर तिथे जाऊ नका. कोस्टा रिकाच्या सरकारने २०१९ मध्ये अशा सेल्फींविरुद्ध मोहीमच काढली. माणसाच्या हातात स्लॉथ शांत दिसतो, चेहरा जन्मजात हसरा असतो, पण आत काळीज धडधडत असतं. हॉटेलवाल्याने तसा फोटो सुचवला तर नकार द्या, आणि का नाही म्हणताय तेही त्याला सांगा.

नमस्कार.